कानाची बोली

पेटी समोर घ्या. पांढरी दोन हा षड्ज धरा आणि तिथून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत जा. गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे सूर शुद्ध. हा आपल्या रोजच्या ओळखीचा काफी थाट. आता त्रिताल मोजत चार आवर्तनं याच काफीत फिरा. मग षड्ज उचलून शेजारच्या काळी दोनवर ठेवा आणि दोन आवर्तनं तिथला काफी वाजवा. शेवटच्या दोन आवर्तनांत पुन्हा पांढरी दोनवर या. आठ आवर्तनं, १२८ मात्रा. जॅझच्या इतिहासातल्या एका अत्यंत गाजलेल्या रचनेचा सांगाडा एवढाच आहे. तिचं नाव ‘सो व्हॉट’.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं ही रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केली. ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीची सुरुवात तिनंच होते. मूळ धून वाजून झाली की तीन वादक एकामागून एक पुढे येतात. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली. प्रत्येकाला या सांगाड्याचे दोन फेरे मिळतात. सूर तेच, लय तीच, साथीची माणसं तीच, खोलीही तीच. तरी तीन निराळी माणसं बोलताहेत हे जॅझ कधीच न ऐकलेल्यालाही कळतं. माइल्स थोडके सूर घेतो, ते सरळ ठेवतो आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर जागा सोडतो. कोल्ट्रेन एक लहानसा तुकडा उचलतो आणि तो वर, खाली, उलटा, लांबवून असा तपासत राहतो. त्याच्या सुराला धार आहे, आतून रेटा आहे. ॲडर्लीचा सूर गोल, भरलेला. ब्लूजची वळणं घेत तो मोकळेपणानं गप्पा मारतो.

सांगाडा एकच असताना ही ओळख येते कुठून? जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘प्रतिभा’ या एका शब्दात गुंडाळून टाकलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. आयत्या वेळी रचना करणाऱ्या कलावंताला स्वतःचा आवाज कसा मिळतो, हे उघड्या डोळ्यांनी पाहता येईल अशा घटना आमच्या रायपूरच्या परिसरात घडल्या आहेत. त्या जॅझच्या नाहीत, ‘नाचा’ या लोकनाट्याच्या आणि पंडवानी या कथागायनाच्या आहेत. पण जॅझचं कोडं त्यांच्यामुळे सुटायला मदत होते.

आवाज कशाचा बनतो

आधी एक गैरसमज दूर करू. जॅझमधली उपज म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात वादक एका ठरलेल्या चौकटीत फिरत असतो. आधी मूळ धून वाजते. मग तिच्याखालची स्वरसंगतींची मालिका पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि प्रत्येक वादक आपल्या पाळीला तिच्यावर नवी धून रचतो. शेवटी सगळे मूळ धुनेवर परततात. बंदिश आणि आवर्तन ज्यांच्या कानात मुरलं आहे त्यांना ही रचना परकी वाटू नये. फरक एवढाच की ख्यालात षड्ज अढळ असतो आणि राग गायकाला बांधून ठेवतो, तर बहुतेक जॅझमध्ये खालची स्वरसंगती दर एक-दोन मापांनी बदलते आणि वर धरलेल्या त्याच सुराचा अर्थही त्याबरोबर बदलतो. ‘सो व्हॉट’मध्ये हा बदल फार थोडा आहे. म्हणूनच आपल्या श्रोत्यानं जॅझच्या घरात शिरायचं तर हा दरवाजा सोयीचा.

चौकट सर्वांची सारखी. मग वादकाच्या हातात काय उरतं? पहिली गोष्ट म्हणजे नाद. टेनर सॅक्सोफोनवर १९३०च्या दशकात कोलमन हॉकिन्सचं राज्य होतं. त्याचा सूर रुंद, वजनदार, भरघोस कंपनाचा. १९३४ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदातली हॉकिन्सची जागा लेस्टर यंगला मिळाली. त्याचा सूर हलका, जवळजवळ कंपनाविना. सहकाऱ्यांना तो रुचेना. हेंडरसनच्या पत्नीनं तर यंगला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवून तसं वाजवायला शिकवायचा प्रयत्न केला. यंगनं काही महिन्यांतच ती नोकरी सोडली. पुढे काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तोच हलका सूर इतका प्रभावी ठरला की पुढच्या पिढीतले अनेक सॅक्सोफोनवादक त्याच्यामागे गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे लयीतली जागा. बिली हॉलिडे शब्द मात्रेवर टाकत नसे, किंचित मागे रेलून टाकत असे, आणि तेवढ्यानं साध्या गाण्याला वेदनेची किनार यायची. तिसरी गोष्ट, काय वाजवायचं नाही याची निवड. माइल्सचं मौन त्याच्या सुराइतकंच ओळखू येतं. लहानपणी सेंट लुईसच्या परिसरात त्याला शिकवणाऱ्या एल्वुड ब्युकॅनन यांनी सूर थरथरवू नकोस, सरळ ठेव, अशी शिस्त लावली होती. ती सवय त्यानं आयुष्यभर जपली. चौथी गोष्ट म्हणजे वाक्यरचना. थेलोनियस मंक पियानोवर शेजारशेजारचे सूर एकत्र दाबून मुद्दाम खडबडीत ध्वनी काढायचा, मध्येच थबकायचा, आणि दोन वाक्यांत ओळखू यायचा.

नाद, लयीतली जागा, मौन आणि वाक्य. भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर एकच राग गात असले तरी आपण आलापाच्या पहिल्या काही क्षणांत नाव सांगतो, ते याच चार खुणांवरून. यातली एकही खूण रागाच्या व्याकरणात लिहिलेली नसते. ती गाणाऱ्याच्या सवयींत असते. तेव्हा खरा प्रश्न असा की या सवयी कशा जडतात.

आधी नक्कल, तीही पूर्ण

चार्ली पार्कर पुढे जॅझची भाषाच बदलणार होता, पण सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीतल्या एका बैठकीत त्याची फजिती झाली. ड्रमवादक जो जोन्सनं झांज जमिनीवर फेकून त्याला थांबवलं. पुढच्याच वर्षी, १९३७च्या उन्हाळ्यात, तो ओझार्क डोंगरांमधल्या एका ठिकाणी वाद्यवृंदाबरोबर कामाला गेला आणि सोबत काउंट बेसीच्या तबकड्या घेऊन गेला. त्यांतल्या लेस्टर यंगच्या उपजा त्यानं सुरासुरानं पाठ केल्या. परतला तेव्हा तो दुसराच वादक होता. गंमत बघा, यंगसारखं तंतोतंत वाजवायला शिकलेला पार्कर पुढे यंगसारखा मुळीच वाजला नाही. पाठांतरानं त्याला यंगचा आवाज मिळाला नाही, यंग विचार कसा करतो ते मिळालं.

मराठी वाचकाला याचं सर्वांत जवळचं उदाहरण कुमार गंधर्वांचं. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी थोर गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि श्रोते थक्क व्हायचे. मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे त्यांना शिस्त आणि अनेक घराण्यांचं दर्शन मिळालं. नकलेत एवढा तयार असलेला मुलगा पुढे विसाव्या शतकातला सर्वांत स्वतंत्र आवाजाचा गायक झाला. ही विसंगती नाही. दुसऱ्याचा सूर नेमका उचलायचा तर कानाला फार बारीक फरक ओळखावे लागतात, आणि तोच कान पुढे स्वतःच्या सुरातलं उसनं आणि आपलं वेगळं काढू शकतो.

छत्तीसगडात या शिस्तीचं सर्वांत मोठं घर म्हणजे खैरागढ. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झालं. खैरागढच्या राजघराण्यानं आपला राजवाडा त्यासाठी दिला आणि अकाली गेलेल्या राजकन्येचं नाव संस्थेला मिळालं. सुरुवातीच्या वर्षांत तिचे कुलगुरू होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे शिष्य आणि आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द. रातंजनकरांची शिष्यमंडळी पाहा. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग. तालीम एका गुरूची, बंदिशींचा साठा एक, आणि तरी एकाचं गाणं दुसऱ्यासारखं नाही. पद्धतशीर शिक्षणानं माणसं एका साच्याची होतात, ही भीती या यादीपुढे टिकत नाही.

जॅझ ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या सांगत असे: अनुकरण, आत्मसात करणं आणि मग नवनिर्मिती. बहुतेक जण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारू पाहतात आणि मग दुसऱ्याचे तुकडे जोडत बसतात. पण पहिल्या दोन्ही पायऱ्या प्रामाणिकपणे चढूनही काही जण तिथंच थांबतात. का थांबतात, हे समजून घ्यायला मुंबईला जाऊ.

ताजमहालातला जॅझ

१९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्डसारखे कसलेले लोक आले. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला तयार होते ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, त्यामुळे समोर ठेवलेला कागद ही मंडळी सहज वाजवत. जॅझची उपज मात्र कागदावर नसते. ती त्यांनी या पाहुण्यांच्या साथीनं आणि तबकड्या ऐकून उचलली.

त्यांतला सर्वांत लखलखीत तारा म्हणजे हळदोण्याचे अँतोनियो शाव्हियेर वाझ, रंगमंचावरचं नाव चिक चॉकलेट. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचं ट्रम्पेट, घोगरा आवाज, हातातला रुमाल, सगळं आर्मस्ट्राँगच्या वळणाचं. हॉटेलात नाचायला येणाऱ्या श्रोत्यांना तबकडीवर ऐकलेलंच हवं असे, आणि पोट त्या श्रोत्यांवर होतं. वादकाची वाटचाल पहिल्या दोन पायऱ्यांवर थबकते ती अनेकदा अशी. कसब कमी नसतं, वेगळं काही मागणारा समोर नसतो.

वेगळं मागणारा एक जण त्यांना भेटला तो सिनेमात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांच्या चाली मराठी-हिंदुस्थानी वळणाच्या आणि वाद्यमेळ स्विंगचा. १९५१च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी नुसती ऐकू आली नाही, पडद्यावर दिसूही लागली. त्या गाण्यांतलं ट्रम्पेट लावणीच्या ठसक्याशी आणि भावगीताच्या वळणाशी बोलतं, आणि बोलताना अमेरिकेच्या तबकडीपासून सुटतं. समोरून निराळा प्रश्न आला, म्हणून निराळं उत्तर निघालं.

रायपूर, १९७३

आता आमच्या गावाकडे येतो. हबीब तनवीर १९२३ साली रायपुरात जन्मले. लंडनच्या नामवंत नाट्यसंस्थेत शिकून ते परतले आणि १९५८ मध्ये रायपुरात आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर त्यांनी रात्रभर नाचा पाहिला. नाचा हे छत्तीसगडचं लोकनाट्य. लिखित संहिता नाही. एखादा प्रसंग ठरवायचा आणि त्यावर गम्मत उभी करायची. संवाद तिथल्या तिथे सुचतात, श्रोत्याच्या हुंकारावर लांबतात किंवा आटपतात. मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, लालूराम ही त्या रात्रीची माणसं पाहून तनवीर भारावले आणि त्यांना घेऊन दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केलं.

आणि तिथं एक विचित्र गोष्ट घडली. गावच्या मैदानात रात्रभर लोकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अडखळू लागले. त्यांना हिंदीत बोलायला लावलं जात होतं, आणि कोणत्या वाक्याला कुठे वळायचं, कुठे उभं राहायचं हे आधी आखून दिलं जात होतं. चारी बाजूंनी उघड्या जागेत खेळणाऱ्याला प्रेक्षकांची एकच बाजू धरून चालणं जमेना. तनवीरांना याचं कारण उमगायला कित्येक वर्षं गेली, आणि ते त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. मग १९७० नंतर त्यांनी दोन्ही बंधनं काढली. नटांनी छत्तीसगढीतच बोलायचं आणि हालचाली स्वतः शोधायच्या. १९७३ मध्ये रायपुरात नाचा कलावंतांची मोठी कार्यशाळा झाली. नाच्याच्या जुन्या गमती घेऊन नटांनी तिथल्या तिथे उभारलेलं ‘गांव के नांव ससुराल, मोर नांव दामाद’ हे नाटक त्यातून आलं. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आलं आणि १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात गौरवलं गेलं.

माझ्या मते उपजेच्या सगळ्या चर्चेत यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही. माणसं तीच, प्रतिभा तीच. परक्या बोलीत त्यांची उपज आटली आणि आपल्या बोलीत वाहू लागली. कारण उपज क्षणार्धात करावी लागते. विचार करून, भाषांतर करून बोलायला तिथं वेळच नसतो. त्या क्षणी जिभेवर येतं ते लहानपणापासून ऐकलेलं. संगीतातही कानाची एक बोली असते. घरात, देवळात, गल्लीत रोज ऐकलेल्या सुरांची आणि ठेक्यांची ती बोली. जॅझचं व्याकरण कितीही पक्कं केलं तरी आपला आवाज लागतो तो त्या व्याकरणातून ही बोली डोकावू लागते तेव्हा. कोल्ट्रेनचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. १९६४ साली त्यानं ध्वनिमुद्रित केलेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’च्या शेवटच्या भागात सॅक्सोफोन त्यानंच लिहिलेल्या प्रार्थनेचे शब्द अक्षरागणिक उच्चारतो. चर्चमधल्या प्रवचनाची ती लय त्याला कुठल्याही संगीतशाळेनं शिकवली नव्हती.

एकच भीम, दोन आवाज

बोली आली की सगळे एका आवाजात बोलू लागतील का? याचं उत्तर पंडवानीत आहे. पंडवानी म्हणजे छत्तीसगडचं महाभारत. नायक बहुधा भीम. तिच्या दोन शाखा. वेदमती शाखेतला गायक सबलसिंह चौहानांच्या पद्य महाभारताचा आधार धरून चालतो. कापालिक शाखेतला गायक कथा स्मरणात ठेवतो आणि शब्द, विस्तार, वळणं त्या क्षणी रचतो. झाडूराम देवांगन हे वेदमतीचे मोठे गायक. बसून, धीरगंभीर, शब्दाला मान देत गायचे. तीजनबाई कापालिक शाखेच्या. दुर्ग जिल्ह्यातल्या गनियारीच्या या मुलीनं आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्याकडून कथा ऐकून पाठ केल्या आणि तेराव्या वर्षी चंद्रखुरीत पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी दहा रुपये. बायकांनी गायचं तर बसून, असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचं धनुष्य, कधी द्रौपदीचे मोकळे केस. त्यांच्याच समाजानं त्यांना वाळीत टाकलं. २०१९ मध्ये देशानं त्यांना पद्मविभूषण दिलं.

दोघांची बोली छत्तीसगढी, कथा एक, परिसर एक. आवाज वेगळा झाला तो शरीरानं आणि स्वभावानं. तीजनबाईंचा खर्जातला दणदणीत गळा बसून गाण्यात मावणारा नव्हता, म्हणून त्यांच्या कलेला उभं राहावं लागलं. लेस्टर यंगचा हलका सूर हॉकिन्सच्या साच्यात मावत नव्हता, त्यातलाच हा प्रकार. ज्याला इतर लोक उणीव किंवा आगाऊपणा म्हणतात तिथंच अनेकदा आवाज दडलेला असतो. कुमारांचं एक फुप्फुस क्षयानं निकामी झालं, आणि लांब श्वासाच्या जागी छोट्या, तेज, अर्थपूर्ण तुकड्यांची गायकी उभी राहिली.

कुमारांच्या उदाहरणात आणखी एक धडा आहे. त्यांची जन्मभाषा कन्नड. देवासला अंथरुणावर पडून पाच वर्षं त्यांनी ऐकली ती माळव्यातल्या बायकांची गाणी, आणि त्यांच्या धुनउगम रागांचा पाया तिथं घातला गेला. म्हणजे कानाची बोली जन्मानं ठरून जात नाही. जिथं राहतो तिथलं मनापासून ऐकलं की ती वाढते. रायपुरातल्या मराठी घरांसाठी हे फार मोलाचं आहे. आमच्या घरात हरिपाठ, आरत्या आणि नाट्यपदं. दाराबाहेर ददरिया, सुआ, करमा, मांदरावर वेग घेत जाणारं पंथी, राऊतांच्या लांबलचक बांसाचा घुमारा. दोन्ही आमचंच आहे.

पार जाऊन आलेला मुलगा

ही बोली जॅझमध्ये नेऊन दाखवणारा गाणाऱ्या घरातला माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या शिरोडकर. ठुमरी-दादऱ्याचं मोठं नाव. आजी मेनकाबाई नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकलेल्या. १९५१ साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक तबला शिकले आणि मग पाश्चात्य तबकड्या ऐकून ड्रम. एकाच वादकाचे अनेक थर वेगवेगळे मुद्रित करून जोडता येतात हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे ऐकू येतं ते सगळं एकच माणूस वाजवतो असं समजून ते सगळं एकट्यानं बसवत गेले, असं त्यांनी सांगितलं आहे. पूर्ण नक्कल म्हणतात ती हीच.

पुढे डॉन चेरी, ‘ओरेगॉन’ हा चमू, १९८८पासून जॉन मॅक्लॉफ्लिनचं त्रिकूट असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी ड्रमसमोरची खुर्ची सोडली आणि तबलजीसारखी जमिनीलगत बैठक घेतली. झांजा, तबला, घुंगरं, पाण्याच्या बादलीत बुडवून सूर वाकवलेल्या थाळ्या त्यांनी एकत्र मांडल्या आणि तोंडानं बोल म्हणत वाजवलं. १९८८च्या ‘उसफ्रेट’ या त्यांच्या तबकडीत आईचा गळा आहे. ठुमरीचे बोल आणि जॅझचं वादन तिथं एकाच अंगणात वाढल्यासारखे ऐकू येतात, कारण त्या कानात ते तसेच वाढले होते. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनीही जॅझच्या सर्व तालमी पार केल्यावर रागांकडे मोहरा वळवला आणि १९७० साली ‘रागा रॉक’ ही तबकडी काढली.

इथं एक सावधगिरी हवी. जॅझच्या ठेक्यावर यमनची सरगम चिकटवली की आपला आवाज झाला, असं समजणारे अनेक आहेत. ती सजावट झाली. बोली आपोआप येते, ती दाखवण्यासाठी काढलेली नसते. तनवीरांच्या नटांनी छत्तीसगढी वापरली ती प्रेक्षकांना लोककला दाखवायला नव्हे, त्यांना खरंच काहीतरी म्हणायचं होतं म्हणून.

रियाझ काय करायचा

गिटार, कीबोर्ड किंवा सॅक्सोफोन घेऊन बसणाऱ्या आपल्याकडच्या तरुणाला यातून काय घेता येईल? पहिलं, एका वादकाची एक उपज निवडा आणि ती आधी गळ्यानं म्हणा. सुरांपुरतं थांबू नका. त्याचे श्वास, त्याचं मागे रेलणं, त्याचं थांबणं, सगळं म्हणा. गळ्यात बसली की वाद्यावर काढा, आणि मग इतर पट्ट्यांतही. गळा मध्ये आला की बोटांच्या सवयी मागे पडतात आणि कान पुढे येतो.

दुसरं, स्वतःला आवळा. ‘सो व्हॉट’चा आठ आवर्तनांचा सांगाडा घ्या आणि सबंध फेरा तीनच सुरांत वाजवा. सूर संपले की लय, जोर, नाद आणि मौन यांच्याकडेच वळावं लागतं, आणि ओळख तर तिथंच असते. तिसरं, एक आवर्तन वाजवा आणि पुढचं आवर्तन गप्प राहून मोजा. चौथं, मोबाइलवर मुद्रण करा आणि काही दिवसांनी परक्यासारखं ऐका. जी वळणं पुन्हा पुन्हा येतात त्यांची दोन गटांत वाटणी करा: कुणाकडून उचललेली आणि कुठून आली ते सांगता न येणारी. दुसऱ्या गटातली जपा. त्यात आजीची ओवी असेल, गणपतीच्या ढोलाचा तुकडा असेल, पंथीचा ठेका असेल.

पाचवी गोष्ट एकट्यानं होत नाही. पंडवानीत मुख्य गायकासमोर रागी बसतो. तो प्रत्येक वाक्याला हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आश्चर्य दाखवतो, आणि त्याच्या प्रश्नामुळे कथा अशा वाटेनं जाते जिथं गायक एकटा गेला नसता. कोल्ट्रेनला ड्रमवादक एल्विन जोन्स असाच लाभला होता. चिक चॉकलेटना सी. रामचंद्रांनी नवा प्रश्न विचारला. घरी बसून मोबाइलवरच्या तयार साथीबरोबर वाजवणं सोपं आहे, पण ती साथ तुमचं ऐकत नाही. तुम्ही काहीही वाजवा, ती तशीच पुढे जाते. म्हणून रायपूर, भिलाई, दुर्गमधल्या शिकणाऱ्यांनी दोघातिघांची नेमानं बैठक जमवावी, त्यात एखादा मांदर किंवा तबला वाजवणारा जरूर घ्यावा आणि एकमेकांना उत्तरं द्यावीत. आणि आपण श्रोत्यांनी, मंडळाच्या कार्यक्रमात असो की गणेशोत्सवाच्या मांडवात, ओळखीच्या गाण्याची हुबेहूब नक्कल मागायचं थोडं कमी करावं. काही नवं वाजलं, ते अर्धवट जमलं, तरी त्याला दाद द्यावी. ज्या गावात नवं मागणारे आणि ऐकणारे असतात, तिथल्या वादकाला आपला आवाज सापडतोच.